मुंग्या सगळ्यात शेवटी: टेम्पोचा रूट स्वॉर्म अल्गोरिदमने कसा बसवायचा

दर वर्षी प्रोजेक्ट सबमिशन जवळ आलं की शनिवारी संध्याकाळी इंजिनिअरिंगची दोन-तीन मुलं लॅपटॉप घेऊन माझ्याकडे ठाण्याला येतात. त्यांनी स्वॉर्म, म्हणजे झुंडीचा, अल्गोरिदम चालवलेला असतो: कोडमधल्या काल्पनिक मुंग्या वेगवेगळे क्रम फिरून बघतात, चांगल्या वाटेवर फेरोमोन नावाची वासाची खूण टाकतात आणि पुढच्या मुंग्या त्या वासामागे जातात. स्क्रीनवर उत्तराचा खर्च दाखवणारी, डावीकडून उजवीकडे घसरत जाणारी एक रेष असते. ‘सर, कन्व्हर्ज झालं!’ म्हणजे रेष खाली येऊन स्थिरावली. मी विचारतो, मुंग्या न सोडता, साध्या हिशेबाने किती आलं असतं? तिथे सगळे गप्प. तो हिशेब कुणी केलेलाच नसतो. आधी कोड उतरवलेला असतो आणि मग त्या कोडला शोभेल असा प्रश्न शोधलेला असतो.

तो उलटा क्रम इथे सुलटा करू. उदाहरण एकच, शेवटपर्यंत: तुर्भ्याच्या एपीएमसी मार्केटमधून पहाटे साडेचारला भाजी भरून निघणारा एक छोटा हत्ती आणि त्याचे २४ थांबे. वाशी-सानपाड्याच्या खानावळी, कोपरखैरणे ते ऐरोलीमधली पोळीभाजी केंद्रं, महापे-रबाळे एमआयडीसीतली कॅन्टीन, नेरूळ-बेलापूरची हॉटेलं. एका ओळखीच्या व्यापाऱ्यासाठी मी हे काम केलं होतं. हिशेब सोपा व्हावा म्हणून मिनिटांचे आकडे गोल केले आहेत. पायथन जेमतेम येत असलं तरी चालेल. वही-पेन मात्र जवळ ठेवा.

टप्पा १: प्रश्न एका वाक्यात लिहा, आणि मुंग्या लागतात का ते बघा

वाक्यात तीन गोष्टी हव्यात: काय ठरवायचं, काय कमी करायचं, काय मोडायचं नाही. आमचं वाक्य असं झालं: ‘२४ थांब्यांचा क्रम ठरवायचा, गाडीचा वेळ आणि उशीर कमी करायचा, ऐरोलीच्या केंद्राला सातच्या आत माल, महाप्याच्या कॅन्टीनचं गेट साडेसहाला उघडतं, आणि शेवटच्या थांब्यावरून गाडी मार्केटला परतत नाही.’

शेवटची अट मला दोन आठवड्यांनी कळली. ड्रायव्हर कोपरखैरण्याला राहतो. काम संपलं की गाडी घेऊन सरळ घरी. इंटरनेटवरचा जवळजवळ प्रत्येक कोड मात्र फेरी जिथे सुरू झाली तिथेच संपवतो. तसाच चालवला असता तर जो प्रवास कुणी करतच नाही, तो वाचवण्यात निम्म्या मुंग्या खपल्या असत्या.

आता आकार बघा. १० थांब्यांचे ३६,२८,८०० क्रम होतात. लॅपटॉप ते एकेक करून तपासतो. १५ थांब्यांचे सुमारे १.३ लाख कोटी होतात, पण वेळेची किचकट बंधनं नसतील तर डायनॅमिक प्रोग्रॅमिंगने (छोट्या तुकड्यांची उत्तरं साठवत मोठं उत्तर बांधण्याच्या रीतीने) त्याचंही नेमकं उत्तर निघतं. म्हणजे दहा-पंधरा थांब्यांसाठी मुंग्या सोडणं हे डासासाठी तोफ आणणं झालं, तेही नेम चुकण्याची शक्यता ठेवून. वीसच्या पुढे, त्यात वेळेच्या अटी, तेव्हा त्यांचा उपयोग सुरू होतो.

मग ‘कोणती झुंड?’ ढोबळ नियम असा. उत्तर म्हणजे क्रम किंवा निवड असेल तर मुंग्या, म्हणजे अँट कॉलनी. उत्तर म्हणजे चालू-बंद न होणारे, सलग बदलणारे आकडे असतील तर पक्ष्यांचा थवा, म्हणजे पार्टिकल स्वॉर्म. याशिवाय मधमाशा, लांडगे, वटवाघळं, देवमासे असं अख्खं प्राणिसंग्रहालय उपलब्ध आहे. पहिल्या प्रोजेक्टला त्यात शिरू नका. ‘सगळ्यात बेस्ट कोणता?’ या प्रश्नाला अर्थही नाही. शक्य असलेल्या सगळ्या प्रश्नांवर सरासरी काढली तर कोणताच अल्गोरिदम दुसऱ्यापेक्षा सरस ठरत नाही, हे वोल्पर्ट आणि मॅकरेडी यांनी १९९७ मध्ये गणिताने दाखवलं आहे. तुमच्या प्रश्नाला काय चालतं, एवढंच बघायचं.

सावधान: माल एका गाडीत मावत नसेल तर ‘कोणता थांबा कोणत्या गाडीला’ हा वेगळाच प्रश्न आहे. त्यावर हा कोड ओढूनताणून बसवू नका.

तपासा: ते एक वाक्य ड्रायव्हरला वाचून दाखवा. तो ‘हां, पण…’ म्हणाला की वाक्य अपुरं आहे.

टप्पा २: मॅट्रिक्स

सगळ्यात जास्त वेळ इथे घाला. मार्केट धरून २५ ठिकाणं, म्हणजे २५ × २५ चा तक्ता. कर्णावरचे सोडले तर ६०० आकडे. प्रत्येक आकडा ‘इथून तिथे जायला किती मिनिटं’.

पहिल्या वेळी मी आळस केला. अक्षांश-रेखांशांवरून सरळ रेषेतलं अंतर काढलं आणि पुढे गेलो. नवी मुंबईत हे किती महागात पडतं बघा: ट्रान्स-हार्बर लोकलचे रूळ आणि ठाणे-बेलापूर रोड शेजारी-शेजारी धावतात; पश्चिमेला वस्ती, पूर्वेला एमआयडीसी. घणसोलीतलं पोळीभाजी केंद्र आणि पलीकडचं कॅन्टीन सरळ रेषेत हाकेच्या अंतरावर. मुंग्यांनी ते दोन्ही अर्थातच एकामागोमाग लावले. कागद बघून ड्रायव्हर म्हणाला, ‘साहेब, गाडी रुळावरून नेऊ का?’ ठाण्यातही तेच. ठाणे स्टेशन ते कळवा नकाशावर बोटभर, मध्ये खाडी. ऐरोली-मुलुंडचं तर विचारूच नका.

म्हणून रस्त्यावरचा वेळ घ्या. ओपनस्ट्रीटमॅपच्या नकाशावर चालणारं ओएसआरएम हे रस्ते शोधणारं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि सगळा तक्ता एकदम देतं. तीन खड्डे लक्षात ठेवा:

१. ओएसआरएमला आधी रेखांश, मग अक्षांश लागतो. नवी मुंबई साधारण १९ अक्षांश, ७३ रेखांशावर आहे. उलटं दिलंत तर थांबे नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात पोहोचतात.

२. तक्ता दोन्ही बाजूंनी सारखा नसतो. पाम बीच रोडवर डावीकडच्या दुकानाला जायला चार मिनिटं लागत असतील, तर परतताना दुभाजकामुळे पुढच्या सिग्नलपर्यंत जाऊन यू-टर्न घ्यावा लागतो. ‘अ ते ब’ आणि ‘ब ते अ’ वेगळे ठेवा. सरासरी काढून तक्ता ‘नीट’ करण्याचा मोह आवरा.

३. यात ट्रॅफिक नाही. पहाटे पाचचा आणि सकाळी साडेआठचा ठाणे-बेलापूर रोड हे दोन वेगळे रस्ते आहेत. निदान दोन तक्ते करा: साडेसातच्या आधीचा आणि नंतरचा. घोडबंदर रोडवर थांबे असतील तर कापूरबावडी-माजिवड्याच्या पट्ट्यासाठी तिसराही करा.

एकाच इमारतीत दोन गिऱ्हाइकं असतील तर त्यांच्यातलं अंतर शून्य येतं. पुढे मुंगी ‘एक भागिले अंतर’ काढते, कोड अनंतात जातो आणि सगळीकडे ‘नॅन’, म्हणजे ‘हा आकडाच नाही’, दिसायला लागतं. असे थांबे एकत्र करा, किंवा किमान अर्धा मिनिट धरा.

मार्केटला परतायचं नाही, हे कोडला कसं सांगायचं? कोणत्याही थांब्यावरून मार्केटला परतण्याचा वेळ शून्य ठेवा. एवढ्याने बंद फेरी खुली होते. फक्त ‘एक भागिले’ करताना तो स्तंभ वगळा, नाहीतर पुन्हा तोच अनंत.

तपासा: तक्त्यातले कोणतेही दहा आकडे ड्रायव्हरला विचारा. ‘नेरूळहून ऐरोली, पावणेसहाला?’ तो घड्याळ न बघता सांगतो. दहापैकी दोन-तीन चुकले तर तक्ता परत करा. कोडची एक ओळही अजून लिहायची नाही.

टप्पा ३: खर्चाचं फंक्शन

आता एक फंक्शन लिहा: आत २४ थांब्यांचा क्रम जातो, बाहेर एकच आकडा येतो. ते घड्याळासारखं चालवा. साडेचारला सुरू, पहिल्या थांब्यापर्यंतची मिनिटं मिळवा, गेट बंद असेल तर उघडेपर्यंतची वाट मिळवा, उशीर झाला असेल तर त्याचा दंड बाजूला लिहा, माल उतरवायला सहा मिनिटं, पुढे चला. उतरवण्याची १४४ मिनिटं सगळ्या क्रमांत सारखीच, म्हणून ती एकूण खर्चात धरू नका. पण घड्याळात धरावीच लागतात, नाहीतर दहाव्या थांब्यावर तुमचं घड्याळ तासभर मागे असतं. ही चूक मी इतक्यांदा पाहिली आहे की आता कोड उघडला की आधी तीच ओळ शोधतो.

दंड किती? आम्ही उशिराच्या प्रत्येक मिनिटाला ३ मिनिटांचा खर्च धरला. ‘उशीर झाला की सरसकट १०,०००’ असं करू नका. मग दोन मिनिटं उशीर करणारी आणि दीड तास उशीर करणारी मुंगी सारखीच वाईट दिसते, आणि सुरुवातीला तर सगळ्याच कुठे ना कुठे उशीर करतात. कुणाच्या मागे जायचं हे झुंडीला कळतच नाही. दंड चढता हवा.

तपासा: पाच थांब्यांचा एक क्रम घ्या, वहीत घड्याळ चालवून खर्च काढा, फंक्शनचा आकडा त्याच्याशी ताडून बघा. मिनिटाचाही फरक नको.

टप्पा ४: मुंग्यांच्या आधीचे तीन आकडे

याच फंक्शनमधून तीन क्रम घाला.

पहिला, ड्रायव्हर आज ज्या क्रमाने जातो तो. आमचा आला २१४.

दुसरा, ‘जो सगळ्यात जवळ, तिकडे आधी’. आला २६२, म्हणजे ड्रायव्हरपेक्षा वाईट. कारण सोपं आहे: जवळजवळचं उरकत गाडी सानपाडा-नेरूळकडे गेली आणि ऐरोलीच्या केंद्राला माल पोहोचला आठ वाजता.

तिसरा, त्याच दुसऱ्या क्रमातला एकेक थांबा उचलून दुसऱ्या जागी घालून बघायचा. खर्च कमी झाला तर तसाच ठेवायचा, आणि काही ना काही सुधारतंय तोवर हे करत राहायचं. आला २००.

२०० हा आकडा मोठ्या अक्षरात लिहून भिंतीवर लावा. वीस-पंचवीस ओळींचा कोड, ना झुंड ना फेरोमोन, आणि ड्रायव्हरच्या १४ मिनिटं पुढे. मुंग्यांची स्पर्धा याच्याशी आहे. मुलांच्या रिपोर्टमध्ये ती पहिल्याच राउंडमधल्या, नुकत्याच जन्मलेल्या मुंग्यांशी लावलेली असते. तिथे कुणीही जिंकतं.

टप्पा ५: एक पाऊल हाताने टाका

मुंगी मार्केटला उभी आहे. समोर तीन थांबे धरू: सानपाडा ६ मिनिटं, वाशी (सेक्टर १७) ९ मिनिटं, कोपरखैरणे १४ मिनिटं. प्रत्येकाचं वजन म्हणजे फेरोमोनचा अल्फा घात गुणिले ‘एक भागिले मिनिटं’चा बीटा घात. अल्फा १, बीटा २ घ्या. फेरोमोन सध्या सगळीकडे सारखा.

वजनं येतात १/३६, १/८१, १/१९६. बेरजेने भागलं की शक्यता मिळतात: सानपाडा ६१ टक्के, वाशी २७, कोपरखैरणे ११. बीटा ५ केला तर ८७, ११ आणि जेमतेम १ टक्का. म्हणजे बीटा वाढवला की मुंगी टप्पा ४ मधल्या ‘जवळचं आधी’वाल्या रीतीसारखी वागायला लागते, आणि ती रीत २६२ वर अडकली होती हे आपण पाहिलं. आता बीटा परत २ करा आणि कोपरखैरण्याच्या वाटेवरचा फेरोमोन चौपट करा: त्याचा वाटा ११ वरून ३४ टक्क्यांवर जातो, सानपाडा ४६ वर उतरतं. झुंडीचं ‘शिकणं’ म्हणतात ते एवढंच. हे एकदा कागदावर केलं की पुढचे निम्मे बग आपोआप दिसतात.

इथल्या नेहमीच्या चुका:

सगळ्यात मोठं वजन असलेला थांबा थेट निवडणं. मग २५ मुंग्या एकाच वाटेने जातात. चक्री फिरवून निवडा: ज्याची जितकी टक्केवारी, चक्रीवर तितका त्याचा भाग. ११ टक्केवाल्यालाही संधी मिळाली पाहिजे.

मुंग्या वाटेल त्या थांब्यावरून सोडणं. बंद फेरीच्या पुस्तकी उदाहरणात ते चालतं. आपल्याकडे घड्याळ आहे, गाडी मार्केटमधूनच निघते.

गेलेल्या थांब्यांचं वजन शून्य न करणं. मुंगी वाशीला चारदा जाऊन येते आणि नेरूळ राहून जातं.

तपासा: एका मुंगीचा क्रम छापा. २४ वेगवेगळे थांबे, एकही दोनदा नाही. मग वरचे तीनच थांबे ठेवून हजार मुंग्यांची पहिली पावलं मोजा. ६१-२७-११ च्या आसपास वाटणी आली पाहिजे.

टप्पा ६: फेरोमोन, आणि तो कधी उडवायचा

मार्को दोरिगोच्या मूळ अँट सिस्टिममध्ये सगळ्या मुंग्या फेरोमोन टाकतात. मी नवख्यांना मॅक्स-मिन ही रीत सुचवतो: टाकते फक्त त्या राउंडमधली सर्वोत्तम मुंगी, आणि फेरोमोनला वरची-खालची हद्द असते. तीत वाट चुकायला जागा कमी.

आमचे आकडे: २५ मुंग्या, ४०० राउंड, उडण्याचा दर ऱ्हो ०.१. वरची हद्द म्हणजे एक भागिले (ऱ्हो × आतापर्यंतचा सर्वोत्तम खर्च). भिंतीवरचे २०० घेऊन १ / (०.१ × २००) = ०.०५. खालची हद्द तिच्या पन्नासाव्या भागाइतकी, ०.००१. सुरुवातीला सगळीकडे ०.०५.

प्रत्येक राउंडचा क्रम असा, आणि तो बदलू नका:

१. सगळ्या २५ मुंग्या पूर्ण फिरवा. अर्ध्या वाटेत कुणी फेरोमोन टाकत नाही.

२. सगळ्यांचा खर्च काढा.

३. सगळीकडचा फेरोमोन ०.९ ने गुणा.

४. सर्वोत्तम मुंगीच्या वाटांवर एक भागिले तिचा खर्च इतकी भर घाला.

५. हद्दीबाहेर गेलेले आकडे हद्दीवर आणा.

ज्या वाटेवर कुणीच भर घालत नाही ती वाट साधारण ३७ राउंडमध्ये खालच्या हद्दीला टेकते. म्हणजे ५० राउंड चालवून ‘मुंग्यांना जमत नाही’ म्हणणं हा त्यांच्यावर अन्याय आहे. ऱ्हो ०.५ ठेवलात तर उलटं होतं: दर राउंडला अर्धा वास उडतो, पहिल्या चार-पाच राउंडमध्ये जो क्रम नशिबाने पुढे गेला त्याच्याच मागे सगळ्या लागतात.

सावधान: भर ‘अ ते ब’ या दिशेलाच घाला. उतरवलेले बहुतेक कोड ‘ब ते अ’लाही घालतात, कारण त्यांचा तक्ता दोन्ही बाजूंनी सारखा असतो. आपला नाही.

सावधान: एककं. जुन्या धाटणीच्या कोडमध्ये सुरुवातीचा फेरोमोन १ आणि भर ‘एक भागिले लांबी’ असते. लांबी मीटरमध्ये, समजा ८०,००० असेल, तर सगळ्या २५ मुंग्या एकाच वाटेने गेल्या तरी भर पडते ०.०००३. आधीचा १ उडून जाईपर्यंत, म्हणजे चाळीस-पन्नास राउंड, मुंग्यांना नव्या फेरोमोनचा वासच येत नाही. आलेख तेवढा वेळ सपाट दिसला की मुलं मुंग्या वाढवतात. मुंग्या पुरेशा आहेत. मीटर बदला.

तपासा: दर २० राउंडनंतर २५ मुंग्यांपैकी वेगवेगळे क्रम किती, हे छापा. साठाव्या राउंडलाच एक-दोन उरले असतील तर झुंड गोठली: ऱ्हो कमी करा किंवा खालची हद्द वाढवा. चारशेव्यालाही सगळे पंचवीस पार वेगळे असतील तर ती अजून भटकतेच आहे.

टप्पा ७: शेवटचा हात

मुंग्या चांगला आराखडा देतात, बारीक कडा घासत नाहीत. म्हणून राउंडच्या सर्वोत्तम मुंगीवर टप्पा ४ मधली उचल-आणि-घाल रीत फिरवा. एक, दोन किंवा तीन लागोपाठचे थांबे उचलायचे आणि त्याच दिशेने दुसरीकडे घालायचे.

सगळे सुचवतात ते टू-ऑप्ट इथे डोळे मिटून वापरू नका. टू-ऑप्ट मधला तुकडा उलटा करतं आणि ‘दोनच वाटा बदलल्या’ असं समजून दोनच आकड्यांची वजाबाकी करतं. आपल्या तक्त्यात तुकडा उलटला की त्यातली प्रत्येक वाट उलट्या दिशेची होते, घड्याळही बदलतं. कोड म्हणतो सहा मिनिटं वाचली, आणि प्रत्यक्षात अकरा वाढलेली असतात. वापरायचंच असेल तर पूर्ण खर्च पुन्हा काढा. २४ थांब्यांना तो फुकटात पडतो.

टप्पा ८: प्रश्न आकड्यांचा असेल तर थवा

आमच्या कामात थव्यालाही एक जागा होती. ओएसआरएमची मिनिटं आणि ड्रायव्हरची मिनिटं जुळवायला पाच आकडे हवे होते: वेगवेगळ्या वेळा आणि रस्त्यांसाठी चार गुणक, आणि दर थांब्याला उतरवायची मिनिटं. दहा दिवसांच्या पोहोचण्याच्या वेळा ड्रायव्हरने लिहून दिल्या. फरकाच्या वर्गांची बेरीज कमी करायची. गेटपाशी वाट बघावी लागते म्हणून हे फंक्शन मध्येच सपाट, मध्येच तुटक होतं. उतारावरून घसरणाऱ्या नेहमीच्या रीती तिथे अडखळतात. थवा अडखळत नाही, त्याला उतार लागतच नाही.

३० कण, २०० राउंड. कण म्हणजे थव्यातला एक पक्षी, त्या पाच आकड्यांचा एक अंदाज. प्रत्येक कणाचा नवा वेग म्हणजे जुना वेग × ०.७२९८, अधिक स्वतःच्या सर्वोत्तम जागेकडे ओढ, अधिक थव्याच्या सर्वोत्तम जागेकडे ओढ. दोन्ही ओढींचा गुणक १.४९६१८ आणि प्रत्येकीला शून्य ते एकमधला यादृच्छिक आकडा. हे गुणक क्लेर आणि केनेडी यांच्या २००२ च्या विश्लेषणातून आलेत. ते बदलायला तुमच्याकडे कारण नसेल तर बदलू नका.

आधी पाचही आकडे शून्य ते एक या पट्टीवर आणा. गुणक ०.८ ते २.५ मध्ये फिरतो, मिनिटं ३ ते १२ मध्ये. तसेच सोडले तर एकच वेगमर्यादा दोघांना बसत नाही. यादृच्छिक आकडा पाचही दिशांना वेगवेगळा काढा. कण पट्टीबाहेर गेला तर काठावर आणा आणि त्या दिशेचा वेग शून्य करा.

सावधान: थांब्यांचा क्रम शोधायला थवा वापरून उत्तर ‘राउंड ऑफ’ करणारे प्रोजेक्ट दर वर्षी दिसतात. थांबा क्रमांक ७ आणि ८ यांच्यामध्ये साडेसात नावाचं काही नसतं. क्रमांक ७ वाशीत, ८ बेलापूरला असू शकतो.

आणखी एक गोष्ट. व्यापाऱ्याने मध्येच विचारलं, क्रेट ठेवायला दोन गाळे घ्यायचे तर कुठे? मी हौसेने अक्षांश-रेखांश थव्याला दिले. त्यातला एक गाळा खाडीत निघाला, फ्लेमिंगोंच्या शेजारी. मग त्याला परवडणाऱ्या ४० गाळ्यांची यादी मागवली. चाळिसातून दोन म्हणजे ७८० जोड्या. डोळ्याची पापणी लवायच्या आत सगळ्या तपासून झाल्या.

टप्पा ९: ३० वेळा चालवा

एकदा चालवून आलेला आकडा म्हणजे एकदा टाकलेला फासा. वेगवेगळ्या सीडने (यादृच्छिक आकड्यांची सुरुवात ठरवणाऱ्या आकड्याने) ३० वेळा चालवा आणि मध्यक व सगळ्यात वाईट, दोन्ही लिहा. तिसांतला सर्वोत्तम तेवढा छापणं हा बनाव आहे. आमचा मध्यक आला १८७. भिंतीवरच्या २०० पेक्षा १३ मिनिटं कमी. इथवर आलेली मुलं जरा हिरमुसतात, त्यांना निम्म्यावर आलेलं हवं असतं. रोजची १३ मिनिटं आणि त्याचं डिझेल, व्यापारी मात्र खूश होता.

तुलना करताना दोघांना सारखी मजुरी द्या. २५ मुंग्या × ४०० राउंड म्हणजे १०,००० क्रम तपासले, त्यावर शेवटच्या हातातले वेगळे. मग साध्या रीतीलाही वेगवेगळ्या सुरुवातींपासून तितकेच क्रम तपासू द्या. ती १८८ वर आली, तर रिपोर्टमध्ये तसंच लिहा.

कोडवर विश्वास ठेवायचा तर ज्याचं उत्तर माहीत आहे असा प्रश्न घाला. टीएसपीएलआयबी या फेरीच्या नमुना-प्रश्नांच्या संग्रहातला ‘बर्लिन ५२’ घ्या: ५२ ठिकाणांची सगळ्यात छोटी बंद फेरी. सर्वोत्तम उत्तर ७५४२. तुमचं सारखं ७५४४.३७ येत असेल तर कोड बरोबर आहे, तुम्ही प्रत्येक अंतर पूर्णांकात घ्यायला विसरलात. ७५४२ पेक्षा कमी आलं तर आनंदाने उड्या मारू नका, एखादं शहर सुटलंय. थव्याच्या चाचणी-फंक्शनांचं उत्तर बहुधा बरोबर शून्यावर असतं, आणि काही ‘नवे’ अल्गोरिदम रचनेनेच शून्याकडे ओढले जातात. उत्तर ३.७ वर सरकवून चालवा, कोण खरं शोधतंय ते लगेच दिसतं.

तपासा: रन संपल्यावर साठवलेल्या सर्वोत्तम क्रमाचा खर्च नव्याने काढा. साठवलेल्या आकड्याशी जुळला नाही तर पायथनमधली जुनी गंमत झाली आहे: ‘सर्वोत्तम = मुंगीचा क्रम’ असं लिहिलंत, प्रत नाही केलीत. मुंगी पुढे चालत राहिली, तुमचा सर्वोत्तम तिच्यासोबत बदलत राहिला. थव्यात कणाच्या सर्वोत्तम जागेचं हेच होतं आणि तिथे ते जास्त छळतं, कारण आलेख तरीही छान घसरतो.

टप्पा १०: ड्रायव्हरच्या हातात

थांब्यांचे क्रमांक देऊ नका, गिऱ्हाइकाची नावं आणि अंदाजे वेळा द्या, मोठ्या अक्षरात, एका पानावर. पेन सोबत द्या. जिथे तो क्रम बदलेल तिथे त्याने फक्त खूण करायची. का, ते संध्याकाळी चहावर विचारायचं.

पहिल्या दिवशी त्याने दोन ठिकाणी बदल केला. एक सवयीचा होता. दुसऱ्याबद्दल म्हणाला, ‘बेलापूरच्या हॉटेलात माल उतरवून घेणारा पोरगा पावणेआठच्या आधी येत नाही, मी एकटा किती क्रेट वाहू?’ आमच्या वाक्यात, तक्त्यात, फंक्शनमध्ये हे कुठेच नव्हतं. थांब्यांच्या शीटला ‘उतरवायला माणूस कधी’ असा एक स्तंभ वाढवला, गेट उघडण्याच्या अटीसारखाच फंक्शनमध्ये घातला आणि ३० रन पुन्हा लावले. मध्यक १९१ झाला. दुसऱ्या दिवशीच्या पानावर पेनाची खूण एकच होती, सवयीची.

पुन्हा कधी चालवायचं? थांबा वाढला किंवा गळला की, आणि पावसाळा लागला की. सबवेत पाणी साचतं तेव्हा तक्ताच वेगळा असतो. रोज चालवू नका. रोज नवा क्रम मिळाला तर गिऱ्हाइकांचे फोन ड्रायव्हरला येतात, तुम्हाला नाही.